जंतूंची जबानी

आमच्या घरी कोर्ट भरते ते रात्रीची जेवणे आटोपल्यावर. वकील कोण, साक्षीदार कोण, न्यायाधीश कोण, काही ठरलेले नसते. ज्याचा आवाज मोठा त्याचा निकाल. दुधात पाणी घालणारा गवळी, जिन्यातला दिवा पळवणारा अज्ञात इसम, परीक्षेत मार्क कापणारे मास्तर, असे कितीतरी आरोपी या कोर्टाने त्यांच्या पाठीमागे दोषी ठरवले आहेत आणि त्यांचे काही बिघडलेले नाही. पण २०२३ सालच्या जानेवारीत एका रात्री जो खटला चालला त्याचा निकाल साफ चुकला, आणि त्याने एका माणसाचे नुकसान झाले. त्या खटल्यात साक्ष देणारी मी होते.

माझ्या साक्षीला वजन होते, कारण मी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे जंतू पाहण्यात घालवली आहेत. घरात कुणाला शिंक आली तरी सगळे माझ्या तोंडाकडे पाहतात.

झाले असे. माझ्या धाकट्या दिराची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीपासून तिला खोकला. आधी फटाक्यांचा धूर झाला, मग थंडी झाली, मग आले-गवती चहाचे काढे झाले. वजन उतरू लागले तेव्हा परीक्षेचा ताण झाला. शेवटी जानेवारीत छातीचा एक्स-रे काढला, तो उजव्या फुप्फुसाच्या वरच्या अंगाला सावली. डॉक्टर म्हणाले, "क्षय असावा. बेडका तपासायला द्या."

त्या रात्री दादरच्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात कोणी धड जेवले नाही. जाऊबाई सारख्या म्हणत होत्या, "पण हा रोग आपल्या घरात आला कुठून?" आणि मी, काही विचार न करता, बोलून गेले, "मावशींना मागे हाच आजार झाला होता, नाही का?"

मावशी म्हणजे आमच्याकडे बारा वर्षे धुणीभांडी करणाऱ्या बाई. त्यांना २०२१ साली क्षय झाला होता. सहा महिने औषध घेऊन त्या बऱ्या झाल्या आणि पुन्हा कामावर आल्या. मी फक्त प्रश्न विचारला होता. पण कोर्टाला तेवढे पुरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांनी महिन्याचा पगार त्यांच्या हातावर ठेवला. मावशींनी कारण विचारले नाही. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असे, ती त्यांनी फळीवर ठेवली, पदर खांद्यावर घेतला आणि त्या जिना उतरल्या.

न पेटलेला दिवा

तपासणीचा कागद दोन दिवसांनी हाती आला. पहिल्या ओळीत क्षयाचे जंतू आढळल्याचे होते. दुसरी ओळ वाचून माझ्या पायांतले बळ गेले: 'रिफाम्पिसिन प्रतिकार: आढळला.'

रिफाम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध. ज्या जंतूवर ते चालत नाही, त्याच्यावर नेहमीचा सहा महिन्यांचा उपचार फुकट जातो. तीस वर्षांपूर्वी ही गोष्ट कळायला दोन-तीन महिने लागत, आणि तोवर रोगी चुकीचे औषध घेत खंगत राही. आता हे दोन तासांच्या आत कळते. ते कसे, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

बेडक्यात एक औषधी पाणी घालून तो पातळ करतात आणि मुठीत मावेल अशा एका प्लास्टिकच्या डबीत ओततात. डबी यंत्रात ठेवली की माणसाचे काम संपले. यंत्र जंतू फोडते आणि त्याच्या आनुवंशिक मजकुरातला, म्हणजे डीएनएमधला, एक ठरावीक तुकडा पुनःपुन्हा दुप्पट करते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. तोच हिशेब येथे. तीस वेळा दुप्पट केले की एकाचे शंभर कोटींवर तुकडे होतात, आणि मग जे दिसत नव्हते ते दिसू लागते. ही युक्ती कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८३ साली सुचली. तिला १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रिफाम्पिसिनला दाद न देण्याचे बहुतेक बदल जंतूच्या मजकुरात अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्टीत होतात. यंत्राच्या मूळ पद्धतीत या पट्टीवर पाच लहान रासायनिक दिवे बसवलेले असतात. मजकूर शाबूत असेल तर पाचही उजळतात. एखादे अक्षर बदललेले असले की तिथला दिवा बसत नाही आणि पेटतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या डिसेंबरात या यंत्राची शिफारस केली. त्यानंतर आपल्या गोव्यातल्या एका कंपनीने ट्रूनॅट नावाचे बॅटरीवर चालणारे यंत्र काढले. खेड्यातल्या दवाखान्यात, वीज गेली तरी, ते हेच काम करते.

आमच्या मुलीच्या पट्टीवरचा एक दिवा पेटला नव्हता.

सगळेच तांबडे

मी १९८६ साली नोकरीला लागले तेव्हा आमची सारी भिस्त सूक्ष्मदर्शकावर. काचपट्टीवर बेडका पसरायचा, तांबडा रंग ओतून खालून आच द्यायची, आम्लाने धुवायची, वर निळा रंग द्यायचा. मग निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाचे जंतू तांबड्या काड्यांसारखे दिसत. जंतू वाढवून पाहायचा तर अंड्यापासून केलेल्या हिरवट खाद्यावर पेरून सहा ते आठ आठवडे वाट पाहायची. जंतू आहे की नाही, इतके या पद्धतीने कळे. तो कोणाच्या घरातून निघाला हे मात्र कळत नसे. चाळीतल्या माणसाचा जंतू आणि मलबार हिलच्या शेटजींचा जंतू शेजारी शेजारी ठेवले तर दोघेही सारखेच तांबडे!

मग एक जंतू दुसऱ्यापासून ओळखायचा कसा? याचे उत्तर समजावून घ्यायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. आपल्या जुन्या पोथ्यांकडे पाहिले तरी पुरते.

छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरून घेत. लेखनिक कितीही सावध असला तरी कुठे काना राही, कुठे शब्द बदले. त्या चुकलेल्या पोथीवरून दुसरा कोणी नक्कल करी. तो आधीची चूक जशीच्या तशी घेई आणि स्वतःची एक भर घाली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती असे पाठभेद पाहूनच. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या पंडितांनी महाभारताच्या देशोदेशीच्या पोथ्या समोर ठेवून १९१९ पासून १९६६ पर्यंत हेच काम केले. त्यांचा नियम साधा होता: दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक सापडली तर त्या एका घराण्यातल्या समजाव्या.

क्षयाचा जंतू ही ४४ लाख अक्षरांची पोथी आहे, आणि तिची वर्णमाला चारच अक्षरांची. जंतू दुभंगतो तेव्हा तो स्वतःची पोथी उतरून घेतो. लेखनिक मोठा दक्ष. सरासरीने दोन वर्षांत एखादेच अक्षर चुकते. पण जे चुकते ते पुढच्या पिढ्यांत टिकते. म्हणून दोन रोग्यांच्या जंतूंच्या पोथ्या ओळीने ताडून पाहिल्या, की त्यांचे नाते किती जवळचे ते मोजता येते. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१३ साली एक ठोकताळा मांडला: पाच अक्षरांपर्यंत फरक असेल तर संसर्ग अलीकडचा आणि एकाच साखळीतला असण्याचा संभव, बारांहून अधिक फरक असेल तर या दोघांचा एकमेकांशी नजीकचा संबंध नाही.

अख्खी पोथी वाचणे आरंभी शक्य नव्हते. नव्वदीच्या दशकात शास्त्रज्ञ पोथीभर विखुरलेली एक पुनरावृत्त होणारी ओळ शोधत आणि ती कुठे कुठे येते त्यावरून जंतूचा ठसा काढत. कागदावर तो दुकानातल्या मालावरच्या काळ्या पट्ट्यांसारखा दिसे. पण दक्षिण भारतातल्या कितीतरी जंतूंत ही ओळ एकदाच येते किंवा येतच नाही, असे आढळले. ज्याच्या बोटावर रेषाच नाहीत त्याचा ठसा काय घेणार? क्षयाच्या एका जंतूची संपूर्ण पोथी १९९८ साली प्रसिद्ध झाली. पुढे वाचनाचा खर्च उतरत गेला, आणि आता ओळन् ओळ वाचून निर्णय देता येतो.

हैतीची नदी

आमच्या मुलीचे उपचार सुरू झाले. पूर्वी या दुखण्यात महिनोन्महिने इंजेक्शने घ्यावी लागत आणि कित्येकांचे कान कायमचे जात. आता बेडाक्विलिन आणि तिच्या जोडीची औषधे तोंडाने घ्यायची असतात. तरी मुदत नऊ ते अकरा महिन्यांची. मळमळ, उलट्या, रात्रीचे जागरण. मी तिच्या खोलीत बसून असे आणि झोप येत नाही म्हणून वाचत असे. ज्या विद्येने तिचा जंतू ओळखला तिच्याविषयीच वाचत होते. त्या वाचनात दोन हकिगती आल्या.

पहिली हैतीची. कॅरिबियन समुद्रातल्या या गरीब देशात २०१० च्या जानेवारीत प्रचंड भूकंप झाला, आणि ऑक्टोबरात पटकी आली. त्या देशाला निदान शंभर वर्षांत पटकी माहीत नव्हती. आर्तिबोनित नदीचे पाणी पिणारी माणसे पटापट पडू लागली. नदीकाठचे लोक पहिल्या दिवसापासून सांगत होते, की वरच्या अंगाला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांची छावणी आहे आणि तिची घाण उपनदीत सुटते. त्या छावणीत नेपाळहून आलेले सैनिक होते, आणि नेपाळात त्याच सुमारास पटकीची साथ होती. पण गरिबाच्या बोलण्याला पुरावा कोण म्हणतो? अधिकाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. पटकीचा जंतू समुद्राच्या पाण्यात आधीच असेल, हवामानाने वर आला असेल, असेही तर्क निघाले.

मग २०११ साली जंतूंच्या पोथ्या उघडल्या. नेपाळातून आणलेले २४ नमुने आणि हैतीचे नमुने ताडून पाहिले. नेपाळातले काही जंतू आणि हैतीतले जंतू यांत, चाळीस लाख अक्षरांच्या मजकुरात, एका-दोन अक्षरांचा फरक! नदीकाठच्या लोकांचे म्हणणे खरे ठरले. त्या साथीत आठ लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे दहा हजार मेले. २०१६ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. तिथेही दोष त्या बिचाऱ्या सैनिकांचा म्हणता येत नाही. आपल्या पोटात काय आहे हे त्यांना कुठे ठाऊक होते? दोष होता तो छावणीचा मैला नदीत सोडणाऱ्या व्यवस्थेचा.

शून्य नव्हे, 'ओ'

दुसरी हकिगत उलट टोकाची. कॅनडाचा गाएतां द्युगा हा विमानातला कर्मचारी. तो एड्सने १९८४ साली वारला. त्याच वर्षी अमेरिकन शास्त्रज्ञांनी काही रोग्यांचे परस्परसंबंध दाखवणारा एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यांचा मूळ अभ्यास कॅलिफोर्नियातल्या रोग्यांचा; हा गृहस्थ बाहेरचा, म्हणून त्याला इंग्रजी 'ओ' या अक्षराची खूण दिली. तो 'ओ' पुढे लोकांनी शून्य वाचला. शून्य म्हणजे आरंभ! झाले, 'रोगी क्रमांक शून्य' असे त्याचे बारसे झाले. १९८७ साली एका गाजलेल्या पुस्तकाने त्याचे नावही जगजाहीर केले, आणि ज्याने अमेरिकेत एड्स आणला तो हाच, असे घरोघर झाले. उत्तर द्यायला तो हयात नव्हता.

जवळजवळ तीस वर्षांनी, २०१६ साली, शास्त्रज्ञांनी १९७८-७९ साली साठवून ठेवलेले न्यूयॉर्क आणि सॅनफ्रान्सिस्कोचे रक्ताचे नमुने बाहेर काढले. त्यांत तुकडे तुकडे होऊन उरलेला विषाणूचा मजकूर त्यांनी जुळवून वाचला. वंशवृक्ष मांडल्यावर दिसले, की हा विषाणू १९७० च्या आसपासच कॅरिबियन भागातून न्यूयॉर्कला पोहोचला होता. द्युगाच्या रक्तातला विषाणू वृक्षाच्या मुळाशी नव्हता, फांद्यांच्या गर्दीत मधेच कुठेतरी होता. हजारो रोग्यांतला तो एक रोगी. बाकी काही नाही.

नावाने माणसाला डाग लागतो तसा देशालाही लागतो. करोनाचा जो प्रकार २०२० च्या अखेरीस प्रथम आपल्या महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दिसला, त्याला जगभर 'भारतीय' म्हणू लागले होते. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रकारांना ग्रीक अक्षरे दिली, आणि तो 'डेल्टा' झाला. जो देश आपल्या जंतूची पोथी प्रामाणिकपणे वाचून दाखवतो, त्याच्याच कपाळी ते नाव मारायचे, हा कुठला न्याय?

मावशींचा कागद

द्युगाची हकिगत मी मिटवून ठेवली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मुलगी झोपली होती. अन् एकदम आठवले: मावशींचाही एक कागद होता.

२०२१ साली पालिकेच्या दवाखान्यातून आणलेला तो कागद त्यांनी माझ्यापुढे धरला होता, "वहिनी, वाचून सांगा," म्हणून. मी मोबाइलवर त्याचा फोटोही काढून ठेवला होता. तो शोधला. त्यावर स्वच्छ लिहिले होते: 'रिफाम्पिसिन प्रतिकार: आढळला नाही.'

मावशींचा जंतू साध्या औषधांनी मरणारा होता, आणि मेलाही होता. आमच्या मुलीने क्षयाचे औषध आयुष्यात कधी घेतले नव्हते. औषधाला न जुमानणारे जंतू शिरजोर होतात ते अर्धवट औषध घेणाऱ्याच्या अंगात. ज्याने औषध घेतलेच नाही त्याच्यात असा जंतू सापडला, तर तो तसाच तयार होऊन दुसऱ्या कुणाकडून आलेला असतो. म्हणजे मुलीला रोग देणारा माणूस कोणी निराळा. शास्त्रात शंभर टक्के म्हणायची आम्हाला सवय नाही. पण त्या रात्री माझ्या मनात तिळाएवढी शंका उरली नाही. आणि हे कळायला दुसरी कुठली तपासणी लागली नव्हती. दोन कागद शेजारी ठेवायचे होते इतकेच. चौतीस वर्षे दुसऱ्यांचे कागद ताडून पाहणारी मी, घरचे दोन कागद ताडून पाहायला विसरले!

सकाळी मी घरात सर्वांना दोन्ही कागद दाखवले. दीर काही बोलले नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, "मग आणला कुणी?" ते आजतागायत कळलेले नाही. लोकलच्या डब्यात, क्लासच्या बंद खोलीत, कुठेही. हा जंतू अंगात वर्षानुवर्षे निजून राहू शकतो. कुणी दिला नाही, हे विद्येने सांगितले. कुणी दिला, हे सांगायला त्या माणसाचाही जंतू हाती लागायला हवा.

दुपारी मी मावशींच्या घरी गेले. माहीमच्या पुढे नाल्याकाठी त्यांची खोली. आमच्या घरचे काम सुटल्यावर बिल्डिंगमधली आणखी दोन घरे त्यांनी गमावली होती; बातमी आमच्याच जिन्यातून गेली होती. मी कागद काढून समजावू लागले. अक्षरे, पट्टी, दिवे, सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या,

"मला ठाऊक होतं, वहिनी. माझं बरं झालं असं डॉक्टरनी लिहून दिलं होतं. पण मी कागद कुणाला दाखवू? वाचणाऱ्या तर तुम्हीच."

याला मी काय उत्तर देणार? मी म्हटले, "चुकले माझे." त्यांनी चहा टाकला. मग विचारले, "पोरगी जेवते का?"

त्या आमच्याकडे परत आल्या नाहीत. त्यांनी दुसरीकडे कामे धरली होती, आणि धरलेली कामे सोडून ज्यांनी काढून टाकले त्यांच्याकडे यायचे, असा आग्रह मीही धरला नाही. बिल्डिंगमधल्या त्या दोन घरांत मात्र मी स्वतः जाऊन दोन्ही कागद वाचून दाखवले. त्यातल्या एका घरी त्यांना पुन्हा बोलावणे गेले.

मुलगी दहा महिन्यांनी ठणठणीत बरी झाली. सहा महिन्यांत संपणाऱ्या चार औषधांच्या नव्या क्रमाला सरकारने २०२४ च्या सप्टेंबरात मान्यता दिली. पुढच्यांचे हाल तेवढे कमी होतील.

दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन ती स्वतः माहीमला जाते. पहिल्या वर्षी तिच्याबरोबर मीही निघाले, तर म्हणाली, "काकू, तू राहू दे. तू गेलीस की पुन्हा जंतूंवर व्याख्यान देशील."

आमच्या घरी जेवणानंतरचे कोर्ट अजून भरते. पण कुणाचे नाव पुढे आले की आता कोणीतरी माझ्याकडे पाहून विचारते, "कागद पाहिला का?"